मिनीडीव्ही टेपवर चौकोन दिसतात, कॅमेरा मधेच बंद पडतो: टेपला दोष देण्याआधी काय तपासायचं

दर पावसाळ्यात मला एकाच तक्रारीचे फोन येतात. कपाटातला जुना हँडीकॅम काढला, मुलीच्या बारशाची किंवा वडिलांच्या साठीची टेप लावली, आणि पडद्यावर नुसते चौकोन. आवाज तुटतोय. पाच मिनिटांनी कॅमेरा बंद. पुन्हा चालू केला तरी तेच. मग समोरचा माणूस हताश होऊन म्हणतो, "टेप गेली वाटतं."

बहुतेक वेळा टेप गेलेली नसते. पण फोन येईपर्यंत ती आठदहा वेळा मागेपुढे करून पाहिलेली असते, आणि कधीकधी त्या खटाटोपातच ती खरोखर जाते. म्हणून पहिलं सांगणं हेच: कॅमेरा दुसरा मिळेल, बॅटरी नवी मिळेल, टेप मात्र एकच आहे. तिला सगळ्यात शेवटी हात लावा.

मी चिपळूणला लग्नाचं शूटिंग करायचो. सुरुवात खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्याने झाली, पुढे बरीच वर्षं मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या कॅसेटवर डिजिटल चित्रण. आता लोकांच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून देतो. पुढचं सगळं मिनीडीव्ही धरून लिहिलंय. हाय-एट आणि डिजिटल-एट या दुसऱ्या जातींच्या कॅसेटवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी वीज पाहा

चौकोनांची तक्रार असताना मी आधी बॅटरीबद्दल का विचारतो, याचं लोकांना नवल वाटतं. कॅसेट आत गेल्यावर काय होतं ते लक्षात घ्या. दोन छोटे दांडे टेप कॅसेटमधून बाहेर ओढतात आणि हेडच्या, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकांच्या, फिरत्या ड्रमभोवती गुंडाळतात. त्याच वेळी ड्रमची मोटर मिनिटाला ९००० फेऱ्यांचा वेग घेते. एवढं सगळं एकदम सुरू होताना बॅटरीवर मोठा ताण येतो. थकलेली बॅटरी नुसता पडदा दाखवताना ठणठणीत वाटते, आणि मोटर सुरू झाली की मान टाकते. दांडे अर्ध्या वाटेत थांबतात. टेप धड आत नाही, धड बाहेर नाही.

हे मी स्वतः भोगलंय. गुहागरकडे एका लग्नात बॅटरी ४० मिनिटं शिल्लक दाखवत होती, म्हणून मी ती बदलली नाही. पाचवं मंगलाष्टक चालू असताना कॅमेरा बंद पडला. घाईघाईत दुसरी बॅटरी लावली आणि घाईतच इजेक्ट दाबलं. झाकण उघडलं तर टेपचा एक वेढा दांड्यात अडकून बाहेर लोंबत होता, त्यावर बोटाच्या पेराएवढी चुणी. पेन्सिलीच्या टोकाने टेप सोडवून आत घेतली, दुसरी कॅसेट घातली, तोवर अंतरपाट दूर होऊन हार घालून झाले होते. त्या घरच्या कॅसेटमध्ये तो क्षण नाही आणि आता तो कुठूनही आणता येणार नाही. तेव्हापासून पडद्यावरच्या मिनिटांवर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून जुनी टेप पाहायची तर बॅटरीवर नाही, अ‍ॅडॅप्टरवरच. आपल्याकडे पावसात वीज सारखी जाते-येते, तेव्हा अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा. टेप ड्रमभोवती असताना वीज गेलीच, तर झाकण ओढू नका. वीज आल्यावर कॅमेऱ्याला स्वतःहून टेप आत घेऊ द्या.

सोनीचा कॅमेरा असेल तर पडद्यावर येणारे आकडे नीट वाचा, ते अर्धं निदान करून देतात. सी:२१:०० म्हणजे आत दव धरलंय. सी:२२:०० म्हणजे हेड घाण झालंय. सी:०४:०० आला तर लावलेली बॅटरी कॅमेऱ्याला ओळखता येत नाहीये, ती इन्फोलिथियम जातीची (चार्ज किती उरला ते कॅमेऱ्याला कळवणारी सोनीची बॅटरी) नाही. सी:३१ किंवा सी:३२ ने सुरू होणारे आकडे यंत्राच्या हालचालीत अडथळा आल्याचं सांगतात. अशा वेळी बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढून थोड्या वेळाने पुन्हा लावा. दोनतीनदा करूनही तोच आकडा आला तर कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा. ठोकाठोकी करायची नाही. थाप मारून चालू झालेला कॅमेरा पुढच्याच टेपला खातो.

दवाचं वेगळं सांगतो, कारण कोकणात आणि मुंबईत ते फार होतं. एसीच्या खोलीतला थंड कॅमेरा उचलून दमट हॉलमध्ये आणला की ड्रमच्या गुळगुळीत धातूवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि टेप त्याला चिकटते. कॅसेट आत नसेल तर झाकण उघडं ठेवून किमान तासभर थांबा. फुंकर मारू नका, तोंडच्या वाफेने दव वाढतंच. हेअर ड्रायर तर अजिबात नको.

मग भंगार टेपवर परीक्षा

प्रत्येक घरात एखादी बिनकामाची कॅसेट सापडते. खिडकीतून रस्ता काढलेला असतो, नाहीतर लेन्सचं झाकण न काढता तासभर चालू राहिलेली असते. ती कॅसेट जपून ठेवा, निदानासाठी तिच्याइतकं उपयोगी काही नाही.

ती लावा आणि जुनं चित्रण पाहा. मग त्याच टेपवर पाच मिनिटं नवं रेकॉर्डिंग करून तेही पाहा. दोन्ही स्वच्छ दिसलं तर कॅमेरा ठीक आहे, दोष महत्त्वाच्या टेपकडे असू शकतो. दोन्हीवर चौकोन आले तर हेड घाण आहे किंवा झिजलंय. महत्त्वाची टेप त्यात घालून काहीच मिळणार नाही, उलट घाण टेपला लागेल. तिसरी शक्यता लोकांना सुचत नाही. नवं रेकॉर्डिंग छान दिसतं, पण दुसऱ्या कॅमेऱ्यावर काढलेल्या जुन्या टेपवर चौकोन येतात. इथे दोन कॅमेऱ्यांचं गणित जुळत नसतं. मिनीडीव्हीवर चित्राचा एकेक पट्टा फक्त १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो. एलपी मोडमध्ये, म्हणजे टेप सावकाश चालवून, काढलं असेल तर त्याहून अरुंद, सुमारे ६.७ मायक्रॉन. ज्या कॅमेऱ्याने लिहिलं त्याचे दांडे केसभर इकडेतिकडे असतील तर दुसऱ्याला ते वाचता येत नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटवर दीड तास मावावा म्हणून लोकांनी एलपी लावलं, त्याचा त्रास आता होतोय. अशा टेपसाठी ती ज्या कॅमेऱ्यावर काढली तोच शोधा. मामाकडे, शेजाऱ्यांकडे, माळ्यावर, कुठेही असला तरी. बंद असला तरी दुरुस्त करून घेण्यासारखा असतो.

आणखी एक फसगत. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट इथल्या कॅमेऱ्यात नीट दिसत नसेल, तर ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची, आहे का ते आधी विचारा. आपल्याकडे पाल ही पद्धत चालायची. बऱ्याच पाल कॅमेऱ्यांना एनटीएससी वाचता येत नाही. टेप धडधाकट असते.

चौकोन कसे आहेत ते नीट बघा

ड्रमवर दोन हेड असतात आणि ते आळीपाळीने पट्टे वाचतात. पालमध्ये एका चित्राचे १२ पट्टे, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ३०० पट्टे. सेकंदाला १५० फेऱ्या आणि दोन हेड, हिशोब बरोबर बसतो. आता एका हेडवर कचरा बसला तर एक सोडून एक पट्टा गळतो. पडद्यावर एक आडवा पट्टा स्वच्छ, एक तुटका, पुन्हा एक स्वच्छ असं दिसतं. असं दिसलं की निर्धास्त व्हा, टेपवरचं चित्र जागेवर आहे. हेड साफ करा.

पडद्यावर कुठेतरी एखादा चौकोन क्षणभर चमकून जातो, आणि टेप मागे घेऊन पाहिली की नेमका तिथेच पुन्हा येतो, तर तो टेपवरचा ओरखडा. तेवढा सोसायचा. जागा दर वेळी बदलत असेल तर पुन्हा हेडकडेच बोट जातं.

काही चौकोनांत आधीच्या क्षणाचं चित्र अडकलेलं दिसतं, नवरी पुढे गेली तरी तिच्या शालूचा तुकडा मागेच राहतो. कॅमेऱ्याला थोड्याफार चुका स्वतः दुरुस्त करता येतात. त्या हाताबाहेर गेल्या की तो रिकाम्या जागी जुना तुकडा लावून वेळ निभावतो. म्हणून डिजिटल टेप हळूहळू पुसट होत नाही. बराच काळ उत्तम दिसते आणि मग एकदम कोसळते. व्हीएचएसची सवय असलेल्यांना वाटतं, कालपर्यंत तर चांगली होती. काल ती काठावर होती, एवढंच.

हेड साफ करणं

ड्राय क्लिनिंग कॅसेट घ्या. प्ले दाबा, १० सेकंद, बंद. रिवाइंड करायची नाही, वापरलेला भाग पुन्हा वापरायचा नाही. भंगार टेप लावून बघा. फरक पडला नाही तर आणखी एकदोनदा. पाचसहा वेळा करूनही चौकोन जात नसतील तर थांबा, कारण ही कॅसेट म्हणजे एक प्रकारचा बारीक पॉलिश कागदच असतो. तो हेड झिजवतो.

कापसाच्या काडीने हेड पुसण्याचा सल्ला अजून फिरतो. कृपा करून करू नका. कापसाचा एक तंतू हेडच्या फटीत अडकला की ते टोक तुटतं. हाताने साफ करायचंच असेल तर शॅमॉय चामड्याची काडी आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी स्थिर धरायची, ड्रम वरून बोटाने हळूच फिरवायचा. वर-खाली कधीच पुसायचं नाही. पहिल्यांदा करणार असाल तर बंद पडलेल्या कॅमेऱ्यावर हात बसवा.

आता टेप

झाकणाच्या खिडकीतून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून रिळाची कड बघा. चांगली कड काळ्या आरशासारखी सपाट दिसते. एखादा वेढा वर आलेला दिसला तर टेप पूर्वी कुठेतरी अडकलेली आहे. पांढुरकी भुकटी, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी.

गेल्या वर्षी देवरुखहून एक बाई सात कॅसेट घेऊन आल्या. बहुतेक कॅसेट एकेका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, सगळ्या पिशव्या एका ट्रंकेत. किती मायेने जपल्या होत्या! पण भर पावसात गाठ मारल्यामुळे ओल आतच कोंडली होती. सातपैकी पाच कॅसेटच्या कडेला बुरशीची नक्षी उठली होती. उरलेल्या दोन, ज्यांना पिशवी पुरली नाही म्हणून नुसत्या डबीत ठेवल्या होत्या, त्या स्वच्छ.

बुरशीची टेप कॅमेऱ्यात घातली तर ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला. आधी बुरशी वाळवायची. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेल, सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणून आठपंधरा दिवस तशीच ठेवायची. ओली बुरशी पसरते, वाळलेली झटकता येते. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने कॅसेटचं अंग आणि दिसणारी कड साफ करायची. टेपच्या चकाकत्या बाजूला अल्कोहोल लावू नका. ६० मिनिटांच्या कॅसेटमधली टेप जेमतेम ७ मायक्रॉन जाड असते, आणि चित्र ज्या धातूच्या थरात आहे तो तर तिच्या पोटातला अगदी पापुद्रा. घासला की गेला. त्या बाईंच्या पाचही टेप मी असंच वाळवून, ज्या कॅमेऱ्याची मला काळजी नाही अशा जुन्या कॅमेऱ्यावर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवल्या. प्रत्येक टेपनंतर हेड साफ केलं. मग चांगल्या कॅमेऱ्यावर घेतल्या. चार पूर्ण निघाल्या, पाचवीची शेवटची काही मिनिटं तुटकी आली.

पुरात भिजलेल्या टेपचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेट आल्या. ज्यांनी घाबरून उन्हात वाळत टाकल्या त्यांचं नुकसान जास्त झालं. चिखल वेढ्यांमध्ये वाळून घट्ट बसला होता आणि कवच वाकलं होतं. भिजली तर ऊन नको, ड्रायर नको, आणि "एकदा लावून तर बघू" तर नकोच. वरचा चिखल स्वच्छ थंड पाण्याने हलका धुवा, पंख्याच्या साध्या वाऱ्यात सावलीत ठेवा, आणि अनुभवी माणसाकडे लवकर पोचवा. तो रिळं काढून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवतो. घरी स्क्रू उघडू नका. आतली स्प्रिंग उडाली की बसवणं कठीण.

बुरशी नसलेली पण बरीच वर्षं न हललेली टेप असेल तर पाहण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा. वेढ्यांचा ताण सारखा होतो. आणि पहिल्याच स्वच्छ फेरीत फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणारी डिजिटल केबल) संगणकात उतरवून घ्या. आधी बघू आणि मग उतरवू असं म्हणू नका. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, तेवढी आधीच मोकळी ठेवा. फायरवायरची कॅमेऱ्याकडची चार टोकांची पिन नाजूक असते. संगणकाकडची सहा टोकांची उलटी रेटून घातली तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं. घालताना ताकद लागतेय असं वाटलं की काढून दिशा बघा.

बॅटरी कुठली घ्यायची, कशी सांभाळायची

सोनीच्या एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या आजही सहज मिळतात, कारण त्याच बॅटऱ्या एलईडी लाइटला चालतात. त्यामुळे बाजारात नकलीही खूप. वेष्टनावर छापलेला आकडा कितीही मोठा असो, तुम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एनपी-एफ५५० मध्ये दोन सेल असतात, ७५० मध्ये चार, ९७० मध्ये सहा. एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ९७० चे सहा सेलच पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात जातात, वर कवच वेगळं. तुमची ९७० दीडदोनशे ग्रॅम भरली तर आत सहा सेल नाहीत, छापलं काहीही असो. अस्सल ९७० ची क्षमता ६६०० एमएएचच्या जवळपास असते. त्याच आकाराच्या बॅटरीवर दहा हजार लिहिलेलं दिसलं की मी ती परत ठेवतो.

लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज करायची, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. त्या बॅटरीला अर्धवट चार्जिंग लक्षात ठेवायची खोड होती. लिथियमला नाही, उलट पूर्ण उतरलेली ठेवली तर ती मरते. वर्षभर कपाटात पडलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, ते याच कारणाने. सेल एका मर्यादेखाली उतरले की आतलं संरक्षक सर्किट दार बंद करतं. बाहेरून तारा जोडून तिला जबरदस्तीने उठवायच्या युक्त्या दाखवल्या जातात, त्या करू नका. एवढ्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. आग लागते. फुगलेली बॅटरीही तशीच. कॅमेऱ्यात रेटायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यायची.

ठेवताना ४० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवा. अंदाजाने दोन काड्या. कॅमेऱ्यातून काढून ठेवा, कारण कॅमेरा बंद असला तरी थोडी वीज ओढत राहतो. चारसहा महिन्यांनी एकदा बघून पुन्हा दोन काड्यांवर आणा. उष्णतेची हिला फार भीती. मे महिन्यात बंद गाडीत विसरलेली बॅटरी एका दुपारीत जेवढी म्हातारी होते तेवढी घरात कित्येक महिन्यांत होत नाही. धातूची टोकं मात्र पावसाळ्यात हिरवट पडतात. कोरड्या कापडाने पुसा, पेन्सिलीच्या खोडरबरानेही निघतं.

कॅमेरा दर वेळी तारीख विचारत असेल तर मोठ्या बॅटरीचा संबंध नाही. आत एक छोटी बॅटरी असते. सोनीच्या बऱ्याच हँडीकॅममध्ये ती चार्ज होणारी असते. अ‍ॅडॅप्टर लावून, कॅमेरा बंद ठेवून, २४ तास सोडा.

अजून टेपवर शूटिंग करणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुकानात मिळतात त्या कॅसेट बहुतेक जुन्या साठ्यातल्या, सीलबंद असल्या तरी एकदा पूर्ण पुढे-मागे करून मगच वापरा. एका कॅमेऱ्यात एकच ब्रँड ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेपवरचं वंगण एकत्र आलं की हेड बुजतं असं आम्ही पूर्वीपासून पाळत आलो, आणि ब्रँड बदलायचाच तर मधे हेड साफ करायचो. ८० मिनिटांची टेप आणखी पातळ असते, मी लग्नाला कधीच वापरली नाही. शॉट संपल्यावर पाचसात सेकंद जास्त घ्या आणि पुढचं रेकॉर्डिंग त्या शेपटीवरून सुरू करा, म्हणजे टाइमकोड (टेपवर नोंदला जाणारा वेळेचा आकडा) शून्यावर जात नाही आणि संगणकात उतरवताना तुकडे पडत नाहीत.

उतरवून झाल्यावर टेप पूर्ण सुरुवातीला आणा, मागची खिट्टी सेव्हवर सरकवा, कॅसेट तिच्या डबीत घालून पुस्तकासारखी उभी ठेवा. आडव्या थप्पीत नको, लोखंडी कपाटाच्या भिंतीला लागून असलेल्या तळाच्या खणात तर नकोच, ओल तिथेच जास्त. घट्ट डब्यात ठेवणार असाल तर सिलिका जेल हवंच. निळं जेल गुलाबी झालं, किंवा केशरी जेल हिरवं झालं, की ते भरलं. जून लागायच्या आधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा मी सगळे डबे उघडतो, जेल बदलतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालतो.